दात बघून घेतलेली मोटार

आमच्या घराण्यात आजवर एकच मोटार आली आणि ती दात बघून घेतलेली होती.

हे वाचून माझ्या प्रकृतीची काळजी वाटण्याआधी वाचकांनी आमच्या काकाजींची ओळख करून घ्यावी. काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, तळेगावच्या (श्यामजीपंत) जवळ. शेती दोघा भावांची एकत्र होती, पण शेतीकडे लक्ष वडिलांचं. काकाजींचं लक्ष पटाकडे. संक्रांतीनंतर शेतं मोकळी झाली की आमच्याकडे शंकरपट भरतो. सपाट केलेली सरळ धाव, तिच्यावरून एकेक बैलजोडी हलकी गाडी घेऊन सुटते, हाकणारा गाडीत उभा, आणि पलीकडच्या टोकाला घड्याळ घेऊन पंच बसलेले. सगळ्यात कमी वेळात पोहोचेल ती जोडी पहिली. काकाजींची हौशा-बादल ही जोडी एके काळी इतकी गाजलेली होती की काकाजींच्या लग्नात मुलीकडच्यांनी आधी बैल बघितले आणि मग नवरा.

मी मॅट्रिक झालो आणि वर्ध्याच्या कॉलेजात जायची गोष्ट निघाली, तेव्हा आमच्या घरात कॉलेज कशाला म्हणतात हेही कोणाला नीट माहीत नव्हतं. काकाजींनी काही विचारलं नाही. एका आठवड्याच्या बाजाराला ते हौशा-बादलला घेऊन गेले आणि एकटेच परत आले. मी बी.एस्सी. झालो तो असा. त्यानंतर काकाजी पटाला जात, पण धावेच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी उभे राहत नसत. लांब एका बाभळीखाली पटाकडे पाठ करून बसत आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत. ज्याच्या दावणीला जोडी नाही त्यानं दोरीपाशी काय म्हणून उभं राहायचं, असं त्यांचं म्हणणं. तळेगावचे कापसाचे व्यापारी झुंबरशेठ दरवर्षी आपली जोडी घेऊन त्यांच्या समोरून मुद्दाम जात आणि विचारत, "काऊन काकाजी, यंदा बी शेंगाच काय?"

मला नोकरी लागली. वर्ध्याच्याच कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर झालो आणि पिपरी मेघेला खोली घेऊन राहू लागलो. पहिला पगार हातात आला तेव्हाच मी ठरवलं होतं की काकाजींना पुन्हा त्या दोरीपाशी उभं करायचं. पण दोन अडचणी होत्या. पटाची जोडी माझ्या आवाक्याबाहेर होती, ही पहिली. दुसरी अडचण म्हणजे काकू. हौशा-बादलच्या काळात बैल बदाम आणि तूप खात होते आणि घरातली माणसं बेसनावर जगत होती, हे त्या विसरल्या नव्हत्या. पटाचा बैल पुन्हा या उंबऱ्यात आला तर मी माहेरी जाईन, असं त्यांनी देवापुढे उभं राहून जाहीर केलं होतं. (काकूंचं माहेर आमच्याच गल्लीत होतं, पण धमकी ती धमकी.)

ऐंशीच्या आसपास पटाच्या कमिटीनं एक नवीन शर्यत जाहीर केली. हौशी लोकांनी आपापल्या मोटारी आणायच्या आणि त्याच धावेवर, बैलांसारख्याच, एकेक करून सोडायच्या. कमिटीत झुंबरशेठ होते आणि त्यांनी नुकतीच जीप घेतली होती, हा योगायोग नव्हता. अट एकच. गाडीला वर टप नको. पटात हाकणारा दिसला पाहिजे. बंद डब्यात बसून कोण हाकून राह्यला हे लोकांना कळलंच नाही तर शिट्ट्या कोणासाठी मारायच्या, हा मुद्दा बिनतोड होता.

मला एकदम वाट सापडली. जुनी, टप पाडता येणारी, चपळ विलायती मोटार बैलजोडीपेक्षा स्वस्त पडते असं मी ऐकलं होतं. शिवाय मोटार हा बैल नव्हे, त्यामुळे काकूंचा शब्दही मोडत नव्हता. मी काकाजींना सांगितलं. ते शेंगा फोडायचे थांबले. "हाकनारा उभा राह्यते काय त्याच्यात?" एवढंच त्यांनी विचारलं. टप नसेल तर राहू शकतो, असं मी म्हणालो. त्या संध्याकाळी त्यांनी पेटीतून फेटा काढला आणि उन्हात टाकला.

आता गाडी निवडायची. या बाबतीत मी स्वतःला जाणकार समजत होतो. इंजिनाचे चारही ठोके मला आकृतीसह पाठ होते आणि त्या आकृतीला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण पडले होते. कॉलेजच्या वाचनालयातली मोटारींची मासिकं वाचून वजन किती, ताकद किती, वळणावर तोल कसा, याचा अभ्यास मी केला होता. चालवणंही येत होतं. म्हणजे एका मित्राच्या जीपमध्ये मी बरेचदा त्याच्या शेजारी बसलो होतो आणि बारकाईनं पाहिलं होतं.

पहिली गाडी पिपरी मेघेतच एका निवृत्त डॉक्टरांकडे होती. निळी, चकचकीत, माझ्या अभ्यासाप्रमाणे सर्वोत्तम. काकाजी आधी तिच्या मागे गेले आणि उकिडवे बसले. मग समोर आले आणि दिव्यांकडे बराच वेळ एकटक बघत राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, डोये लई मोठे हायत, भेदरट जनावर हाय, लोकं ओरडले की पट सोडून कापसाच्या पऱ्हाटीत घुसते. मी इंजिनाबद्दल बोलू लागलो तर म्हणाले, पोटातलं कोनाले दिसते, आधी चेहरा पाहा लागते.

दुसरी हिंगणघाटला होती. तिच्या मालकाला काकाजींनी गाडी शंभर पावलं पुढे नेऊन परत आणायला लावली आणि स्वतः मातीत आडवे होऊन चाकं बघितली. चाल चांगली होती. पण मागचा भाग जड निघाला. "ओझ्याची हाय, पटाची नाई," असा निकाल देऊन ते उठले. मालकानं चहा मागवला होता, तो मला एकट्याला प्यावा लागला.

तिसरी गिरडला होती. टेकडीच्या पायथ्याशी जंगल खात्यातले एक निवृत्त साहेब राहत होते, त्यांच्या अंगणात. लाल, बुटकी, दोन माणसांची, कंबर बारीक. तिला पाहताच काकाजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग बॉनेटवर तळहात ठेवून कातडी थरथरते का ते पाहिलं, चारही टायर बोटांनी टकटक वाजवले, अंगावर कुठे अशुभ भोवरा नाही ना याची खात्री केली आणि शेवटी खाली वाकून पुढच्या जाळीत बोट घालून दात मोजले. जाळीची एक पट्टी तुटलेली होती. "सा दाती," ते समाधानानं म्हणाले. "भर वयात हाय."

साहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी आपणहून सांगितलं की गाडी बाकी उत्तम आहे, फक्त तिला मागचा गिअर पडत नाही, म्हणून विकतो आहे. मी त्यांचे आभार मानून काकाजींना चला म्हणालो.

काकाजी जागचे हलले नाहीत. "मांगं जातच नाई?"

"अजिबात नाही," साहेब खेदानं म्हणाले.

काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं सगळं शिक्षण फुकट गेल्याची मला जाणीव झाली. "दिगू," ते हळूच म्हणाले, "पटाचा बैल मांगं सरकत नाई. हे खानदानी हाय."

मग सौदा. बैलबाजारात सौदा बोलून होत नाही. दुपट्ट्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून किंमत सांगायची, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. काकाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, स्वतःच्या हातावर पसरला आणि त्याखालून हात पुढे केला. साहेबांना वाटलं, खेड्यात अशीच पद्धत असेल. त्यांनी दुपट्ट्याखाली काकाजींचा पंजा धरून जोरजोरात हलवला. काकाजींचा चेहरा पडला, कारण बाजाराच्या हिशेबानं साहेबांनी फारच मोठा आकडा सांगितला होता. काकाजींनी दोन बोटं दाबली. साहेबांनी पुन्हा सगळा पंजा प्रेमानं दाबला. असं बराच वेळ चाललं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या जिव्हाळ्यानं त्यांचा हात बऱ्याच वर्षांत कोणी धरला नव्हता, असं ते मला नंतर म्हणाले. शेवटी मी तोंडानं किंमत विचारली आणि साहेबांनी ती काकाजींच्या बोटांपेक्षाही कमी सांगितली. निघताना किल्ली एका जुन्या गोफात अडकवलेली होती. काकाजींनी किल्ली सोडवून घेतली आणि गोफ साहेबांना परत दिला. विकणाऱ्याचं दावं घरी न्यायचं नसतं.

गिरडहून गाव गाठायला मला अख्खा दिवस लागला. त्यातला बहुतेक दिवस दुसऱ्या गिअरमध्ये गेला. पहिला गिअर मला सापडत नव्हता आणि तिसऱ्याची भीती वाटत होती.

मागे न जाणारी मोटार खेड्यात बाळगणं म्हणजे काय, हे मला नंतरच्या आठवड्यांत कळलं. दर शनिवारी मी सरावासाठी गावी जायचो. एकदा चुकून मी आमच्या गल्लीत शिरलो. गल्ली पुढे मारुतीच्या पाराशी संपते. चार लोक बोलावून गाडी उचलून फिरवावी लागली, आणि त्यांना चहा पाजता पाजता काकूंची महिन्याची साखर संपली. दुसऱ्यांदा काकूंना बसवून गिरणीवर दळण आणायला गेलो आणि गिरणीच्या चार हात पुढे जाऊन थांबलो. मागे येता येईना. पुढे वळायला मोकळी जागा शोधत शोधत आम्ही थेट आष्टीपर्यंत गेलो. काकूंच्या मांडीवर गव्हाचा डबा होता. आष्टीला पोहोचल्यावर त्या म्हणाल्या, आलोच हावो तं मावशीले भेटून घेऊ. मावशीच्या दारातही मी चार हात पुढेच थांबलो.

टपाचं एक निराळंच. तो कुजलेला होता आणि अर्धा पडून अडकायचा. शेवटी काकूंनी तो समूळ कापून काढला आणि गोवऱ्यांवर पावसाचं झाकण म्हणून टाकला. आमच्या घरात त्या मोटारीचा तेवढाच भाग शेवटपर्यंत उपयोगी पडला.

मात्र काकाजी बदलले होते. शेंगा फोडणं बंद झालं. रोज पहाटे उठून ते मोटारीला पाणी पाजत. रेडिएटरमध्ये रोज पाणी टाकायचं असतं हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. ते विहिरीचं ताजं पाणी आणत, झाकण उघडून हळूहळू ओतत आणि ओतताना तोंडानं तशीच शीळ घालत जशी बैलांना पाणी पाजताना घालतात. गाडी कोणी चालवायची यावर आमचा करार झाला. स्टिअरिंग माझ्याकडे. "तू फकस्त कासरा धर," ते म्हणाले. "हाकीन मी." म्हणजे ते माझ्या शेजारी सीटवर उभे राहून ओरडणार आणि दारावर बाहेरून थापा मारणार. सरावात मला जाणवलं की त्यांनी थाप मारली की माझा पाय आपोआप दाबला जातो. पद्धत शास्त्रीय नव्हती, पण लागू पडत होती.

पटाचा दिवस आला. सकाळी मी उठलो तेव्हा काकाजी मोटारीखाली डोकं घालून पालथे पडले होते. मला वाटलं, प्रार्थना करत असावेत. मी त्यांच्या श्रद्धेत व्यत्यय आणला नाही.

नवं धोतर, फेटा, कपाळाला गुलाल, अशा थाटात काकाजी गाडीत उभे राहिले आणि आम्ही धावेपाशी आलो. लोक बाजूला झाले. कोणीतरी म्हणालं, काकाजी उतरले बाप्पा पटात! काकाजींनी ऐकलं नाही असं दाखवलं, पण फेटा पुन्हा एकदा सारखा केला. काकू बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसल्या होत्या. झुंबरशेठची जीप आमच्या आधी सुटून पोहोचलीही. मोटारींच्या मध्ये मध्ये जोड्याही सोडत होते, त्यामुळे आमच्या मागे झुंबरशेठची बैलजोडी गाडीला जुंपून तयार उभी होती. आम्ही रांगेत इंजिन चालू ठेवूनच थांबलो, कारण बंद केलं तर पुन्हा लोटावं लागलं असतं. कुठून तरी गरम वास येत होता. मला वाटलं, भज्यांचं दुकान जवळ आहे.

झेंडी पडली. काकाजींनी हाळी दिली आणि दारावर थाप मारली. मी पाय दाबला. गाडी सुटली, खरोखर सुटली, लोक ओरडले, काकाजींच्या फेट्याचा शेमला माझ्या तोंडावर फडफडू लागला, त्यामुळे मला समोरचं काही दिसेना. (त्यानं फार फरक पडला नाही.) पाव धावही झाली नसेल, तोच बॉनेटखालून आधी थोडी वाफ, मग पुष्कळ धूर, मग लोखंड चावल्यासारखा एक आवाज आला. गाडी थांबली. काकाजी दारावर थापा मारतच राहिले.

धूर जरा निवळल्यावर मी रेडिएटरचं झाकण फडक्यानं उघडलं. आत कोरडं ठाक.

"काकाजी, सकाळी पाणी टाकलं होतं ना?"

"पटाच्या दिवशी?" काकाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पाटेच मोरी सोडून सारं काढून टाकलं. पोटात पानी घेऊन कोनतं जनावर पयते रे?"

 मी झाकण परत लावलं.

कमिटीची माणसं धावत आली. मागे जोड्या खोळंबल्या होत्या, बैल उधळायला लागले होते. सुटायची रेघ जवळ होती आणि पुढची धाव लांब, खुरांनी उकरून भुसभुशीत झालेली. गाडी मागे लोटून बाहेर काढू, असं त्यांनी ठरवलं आणि पुढून हात लावले. काकाजी सीटवर हात बांधून उभे राहिले. पटातून माझी गाडी मागे जाणार नाही, म्हणाले. हारली तर हारली, पण मागे नाही. इतकी वर्षं मी इथे उभा राहिलो नाही, आणि आज उभा राहिलो तो उलटं जायला नाही. पंचांनी समजावलं, मी समजावलं, लाऊडस्पीकरवरून विनंती झाली. काकाजींच्या कपाळावरचा गुलाल घामानं नाकावर उतरला होता. मी खाली मान घालून स्टिअरिंग धरून बसलो. चालत नसलेल्या गाडीचं स्टिअरिंग मी अतिशय व्यवस्थित धरतो.

पाण्याची गोष्ट एव्हाना सगळ्या पटात पसरली होती आणि तेवढ्यात गर्दीतून झुंबरशेठ आले. आता शेंगांचा विषय निघणार म्हणून मी डोळे मिटले.

"उतरा काकाजी. लोटू द्या."

"नाई उतरत."

"मांगं नाई जानार?"

"नाई."

 झुंबरशेठनी मागे वळून आपल्या गड्याला हाक मारली आणि जोडी गाडीपासून सोडून आणायला सांगितली. त्यांनी स्वतः वाकून आमच्या बंपरला दोर बांधले आणि जू जोडीच्या मानेवर ठेवलं. मग कासरा काकाजींच्या हातात दिला.

"हाका मंग," ते म्हणाले. "अन् घोर नोका करू, माह्ये बैल बी सकायपासून तहानलेलेच हायत."

काकाजींनी कासरा हातात घेतला, एकदा मनगटाभोवती गुंडाळला. त्यांचा चेहरा पाहून पंचांनी गुपचूप घड्याळ हातात घेतलं. मग काकाजींनी जी हाळी दिली ती मी लहानपणानंतर ऐकली नव्हती. बैल सुटले. एवढं लोखंड मागे बांधलेलं असून सुटले! मोटार एवढ्या वेगानं माझ्या हातून कधीच गेली नव्हती. काकाजी सीटवर उभे, फेटा सुटलेला, आणि मी खाली बसून एकच विचार करत होतो की शेवटी बैल थांबतील तेव्हा मोटारही थांबली पाहिजे. ब्रेक मी दोन्ही पायांनी दाबला. थांबलो तेव्हा बैलांच्या शेपट्या माझ्या चष्म्यावर होत्या.

लोकांनी काकाजींना उचललं. काकू उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. बैल घरात आलेले नव्हते, त्यामुळे त्यांचा शब्द शाबूत होता. झुंबरशेठनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की पुढच्या पटाला आपली जोडी काकाजी हाकतील. (त्यांनी ती पुढे पाच-सहा पट हाकली. मोटार भंगारात गेली आणि तिची आठवणसुद्धा कोणी काढली नाही.)

पंचांपुढे प्रश्न होता की ही धाव मोटारींत धरायची की बैलांत. इंजिन बंद होतं, म्हणून बैलांत धरली. लाऊडस्पीकरवर आमच्या गावचे गुरुजी होते. त्यांनी जोडी झुंबरशेठची आणि हाकणारे काकाजी अशी नावं पुकारली. काकाजींनी लोकांच्या खांद्यांवरूनच हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्या पुतण्याचंही नाव घ्या, म्हणाले, तोही गाडीत होता, शिकलेला आहे. गुरुजींनी विचारलं, कशात घेऊ? बैल दुसऱ्याचे, हाकणारे तुम्ही, मग हा कोण? काकाजींनी मान तिरकी करून प्रामाणिकपणे विचार केला. माझ्यासाठी हौशा-बादल विकलेला माणूस तो, मला कमीपणा येऊ देणार नव्हता.

आणि मग चार गावच्या लोकांसमोर, दोन भोंग्यांमधून, माझ्या पदवीची आयुष्यातली पहिली जाहीर घोषणा झाली. "गाडीतलं ओझं, श्रीयुत दिगंबर, बी.एस्सी.!"